दुबई जाताना जवळ, येताना लांब

अंकुशनगर, ६ नोव्हेंबर १९९४

चि. सौ. नंदास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुला सातवा लागला, डॉक्टरने प्रवास बंद केला, म्हणून पहिल्या बाळंतपणाला आईलाच दुबईला पाठवा, हे वाचले. जावईबापूंनी कळवलेल्या विमानाच्या वेळा मी कारखान्याच्या वजनकाट्यावर बसून तपासल्या. नकाशावर दोरा धरला. मुंबई ते दुबई एकोणीसशे किलोमीटर. विमान दहाला निघून साडेअकराला पोचते. परतीचे मात्र एकला निघून साडेपाचला! म्हणजे जाताना ताशी बाराशे सदुसष्ट, येताना चारशे बावीस. कारण उघड आहे. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तेव्हा जाताना दुबई स्वतःच समोरून येते. येताना मुंबई पुढे पळते. हे कुणी शिकवले नाही, मी स्वतः वाचून काढले आहे.

तुझ्या आईला भोकरदनच्या बसमध्येसुद्धा गाडी लागते. दीड तास ती लिंबावर काढील, साडेचार तास बिलकुल नाही. सबब येणे रद्द समजावे. राग नसावा, माया असू द्यावी.

तुझा बाबा,
बद्रीनाथ

दुबई, १९ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, भागाकार बराबर आहे, पण घड्याळं दोन आहेत. मुंबईत दहा वाजतात तेव्हा इथं साडेआठ. तिकिटावर निघायची वेळ तिथली, पोचायची इथली. जाताना तीन तास, येताना तीनच. जमीन अशी पळत असती तर तुम्ही काट्यावर उडी मारून अंबडला पडला असता.

चेष्टा राहू द्या. शेजारणी चांगल्या आहेत, पण रात्री पोटात हललं की मला भीती वाटून राह्यली. आईला धाडा ना.

तुमची लाडकी,
नंदा

अंकुशनगर, २ डिसेंबर

चि. सौ. नंदास आशीर्वाद. वि. वि.

घड्याळाचा मुद्दा रेडिओवाल्या कडूबाकडून पडताळला. रास्त निघाला. त्यामुळे परिस्थिती अधिकच गंभीर झाली आहे. आधी निदान जाणे तरी दीड तासाचे होते. आता तेही तीन तासांचे झाले. निर्णय कायम. प्रकृतीस जपावे.

बद्रीनाथ

चि. नंदास आईचा आशीर्वाद.

याच पाकिटात माझी चिठ्ठी घालते. मला गाडी लागते ती डिझेलच्या वासानं. विमानात काय लागतंय ते बसल्यावर बघू. पासपोर्ट दिवाळीआधीच आल्ता. जावईबापूंना म्हणावं, तिकीट जल्दी काढा.

मी जाणार म्हणून तुझ्या बाबांना सांगितलं. मंग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राह्यले अन् विचारलं, वरणात मीठ किती घालतात. म्हणलं, अंदाजानं. तर म्हणाले, अंदाज म्हणजे किती ग्रॅम? तेव्हापासून तीनदा विचारून झालंय.

पोरी, घाबरू नको. यांना अंदाज शिकवते अन् निघते.

तुझी आई,
द्वारका