सुनेचं "लेइ हो"

ती. ताईस,

धाकट्या साउलिनचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? फोशानच्या दमट हवेत ठणकतच असणार. (आल्याच्या गरम पाण्यानं शेक. पाणी भावोजींना तापवायला सांग, तेवढीच त्यांची मदत.) इकडे आम्ही मजेत. म्हणजे आता मजेत. मधले दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक.

वाइलोक उत्तरेत, शांतुंगला नोकरीच्या गावी लग्न नोंदवून सून घेऊन आला, हे तुझ्या कानावर आलंच असेल. (आपल्या ग्वांगचौतल्या मुली संपल्या होत्या जणू!) मी कोंबडी उकडली, कमळकंदाचं सूप केलं, केस रंगवून घेतले. दार उघडलं. शुएछिन दिसायला गोड आहे हो, खोटं कशाला बोलू? ती कमरेत वाकली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "लेइ हो!"

ताई, परक्याला करावा तसा कोरडा नमस्कार! आपल्याकडे "लेइ हो" कोण म्हणतं? बँकेतली पोरगी म्हणते, विमा विकणारा म्हणतो. घरचं माणूस नात्यानं हाक मारतं. "मावशीला हाक मार, काकाला हाक मार" म्हणून आपण पोरांना चिमटे काढत वाढवलं ना? सुनेनं सासूला "नाइ-नाइ" म्हणायचं, एवढी साधी गोष्ट! आणि हिनं मला माझ्याच उंबरठ्यावर परकी करून टाकलं. फार लागलं गं मनाला. एकुलता एक मुलगा, तोही गेला हातचा, असं वाटलं.

शेवटी वाइलोकला धारेवर धरलं, तर म्हणतो, "अगं आई, शिकवलं होतं मी तिला! पण त्यांच्याकडे 'नाइ-नाइ' म्हणजे आजी. ती म्हणाली, एवढ्या काळ्याभोर केसांच्या बाईला आजी म्हणू? पहिल्याच दिवशी हाकलून देतील मला!" (केसांकडे तिचं लक्ष गेलं होतं तर. पोरीला नजर आहे.)

मग म्हटलं, आपणच पुढे होऊ. तिच्याच बोलीत विचारू, "जेवलीस का?" ते लोक "छ्र-ल-मा" म्हणतात. (टीव्हीमुळे मला त्यांचं बोलणं कळतं, बोलता मात्र धड येत नाही.) त्या "छ्र"ला जीभ टाळूकडे वळवावी लागते. माझी जन्मात वळली नाही. शुएछिन कपडे वाळत घालत होती. मी गेले, गोड हसले आणि विचारलं, "छी-ल-मा?" पोरगी पांढरीफटक! हळूच म्हणाली, "नाही हो. आणि तुम्ही?" मी म्हटलं, "भरपूर! सकाळपासून दोनदा!" तर ती मुसमुसून रडायलाच लागली.

वाइलोक धावत आला आणि सगळं ऐकून खाली बसून हसत सुटला. त्यांच्यात "छी-ल-मा" म्हणजे "रागावलीस का?" बघ, मी काय विचारलं आणि काय कबूल करून बसले! पण खरं सांगू? विचारायचं तेच होतं. शुएछिननं डोळे पुसले, हसली आणि म्हणाली, "नाइ-नाइ, चला, जेवून घेऊ." तिच्या हिशेबी मी आजी, माझ्या हिशेबी सासू. दोघींचं भागतंय.

लग्नाच्या मेजवानीला दोघंही नक्की या.

तुझी,
साउलिन

ता. क. गैरसमज नको. मला कोणी काय हाक मारतं, याचं मला मुळीच काही नसतं.

ता. क. आणखी एक, मुद्द्याचं राहिलंच. वाइलोक तुला फोन करील. मला कमी ऐकू यायला लागलंय म्हणून तो मला कानाच्या डॉक्टरकडे न्यायला निघालाय. त्याला सांग, आपल्या आईचंही या वयात असंच झालं होतं, त्यावर औषध नाही. माझे कान ठणठणीत आहेत गं. पण पहिल्या हाकेला ओ दिली नाही, की सूनबाई पुन्हा हाक मारते.