जावयाबरोबर समुद्रावर

९ जानेवारी

पोचलो एकदाचे! प्रवासात अंग आंबून गेलंय. पंखा वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करतोय. खिडकीतून समुद्र दिसतो — एकदा पाहिला आणि पडदा ओढून घेतला. समुद्राचं वेड माझ्या लेकीला, बिट्टीला. मला कधीच नव्हतं.

जावयांनी शेजारचीच खोली घेतलीय. मधली भिंत इतकी पातळ की त्यांचा खोकला इथे ऐकू येतो. लेक गेल्याला दुसरं वर्ष सरलं. तरी दर रविवारी येतात. माझ्या दुकानातल्या शिलाई मशीनला तेल घालतात, जेवतात, जातात. बोलणं असं फार नसतं आमच्यात. ती होती तेव्हा दोघांच्या वाटचं तीच बोलायची.

मग ही सुट्टी कशाला? विचारलं तर म्हणाले, "आई, तुम्ही दुकानाबाहेर पडतच नाही. चला ना."

काहीतरी आहे पोटात. ओठांवर येत नाहीये.

१० जानेवारी

दिवस झोपून काढला. इतक्या लांब येऊन!

११ जानेवारी

काय दिवस! दंड दुखतायत, नाक सोललंय, तरी लिहिणार.

सकाळी दार उघडलं तर जावई. अंगात फुगीर नारिंगी जाकीट, चेहऱ्यावर मरणाची भीती. म्हणे खाडीत कयाक वल्हवायला जायचं — दोन माणसांची अरुंद होडी, प्लॅस्टिकची. हा माणूस लिफ्ट दुरुस्त करतो. विसाव्या मजल्यावर, पायाखाली नुसती पोकळी असताना, शीळ घालत काम करतो. पण पाणी? बादलीतलं सोडलं तर ओळखच नाही! बिट्टी मात्र मासोळी होती. मीच शिकवलं होतं तिला पोहायला, पोटाखाली हात धरून.

होडीवाली माझ्याच वयाची. दंड बघावेत तर पैलवानाचे! म्हणाली, "पुढे ते, मागे तुम्ही. वळवायचं काम मागच्याचं." बसलो.

आत शिरलो आणि सगळे आवाजच थांबले. दोन्ही बाजूंना पाण्यात पाय सोडून उभी असलेली झाडं, वर फांद्यांचा मांडव. मुळांवर खेकड्यांची लगबग. एक निळा पक्षी आमच्या पुढे पुढे, या फांदीवरून त्या फांदीवर, जणू वाट दाखवतोय. बिट्टीने हे बघायला हवं होतं — मनात आलं. समोर पाहिलं तर जावयांचं वल्हं थांबलेलं. पाठ नुसती ताठ. त्यांच्याही मनात तेच असणार.

तेवढ्यात एक मासा उडाला! टुणकन, होडीवरून पलीकडे! जावई दचकून उभे राहिले — अरुंद होडीत उभं राहतं का कोणी! — आणि दोघंही पाण्यात. मी वर आले. ते हातपाय झाडतायत, पाणी गिळतायत, "आई! आई!" करतायत.

मी ओरडले, "पाय टेक रे गाढवा! पाय टेक!"

टेकले. पाणी कमरेएवढं!

क्षणभर एकमेकांकडे बघत राहिलो. मग मला जे हसू फुटलं! झाडाचं मूळ धरून हसले. तोही हसला, खोकत खोकत. लेक गेल्यापासून अशी हसले नव्हते.

होडीवालीने तिच्याच झोपडीत जेवू घातलं. पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेला मासा, पोटात हिरव्या मिरच्या आणि कसलंसं आंबट फळ ठेचून भरलेलं. सोबत नारळाच्या दुधातला भात. त्याला तिखट झेपत नाही. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी "अजून थोडं" चाललेलंच. मी काटे काढून मासा त्याच्या पानात सारत होते. कधी सारायला लागले कळलंच नाही.

"पाण्यात तुम्ही मला अरे-तुरे केलंत," तो म्हणाला.

"घाबरले होते मी."

"राहू द्या तसंच. मला अरे म्हणणारं आता कोणी नाही."

खरंच नाही. आईवडील लहानपणीच गेले. काकाने वाढवलं, तोही गेला.

मग पाण्याचा मोठा घोट घेतला आणि पानाकडे बघत म्हणाला, "आई, मी लग्न करायचं म्हणतोय."

माझी बोटं तिथेच थांबली. म्हटलं, "कोण?"

"चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तुमचं मन नसेल तर नाही करणार."

"माझ्या मनाचं काय त्यात? करा तुम्ही."

'तुम्ही' म्हटलं. त्याला कळलं. उरलेला भात त्याने खाली मान घालून संपवला.

१२ जानेवारी

आज धबधब्यावर जायचं होतं. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. जावईही गेले नाहीत. दाराशी पपई चिरून, झाकून ठेवून गेले. हात लावला नाही. मुंग्यांनी खाल्ली.

त्यांना दुसरी बायको मिळेल. मला दुसरी लेक कोण देणार? कुठे मिळते? सांगा!

वाईट आहे हे लिहिणं. पण आहे ते आहे. आणि आणखी एक — आता रविवारी कोण येणार? नव्या बायकोला सोडून म्हाताऱ्या सासूच्या मशीनला तेल घालायला? तीही रविवारी नटून वाट बघेल, का बघू नये तिने? खरं दुखणं हे आहे. बिट्टीच्या नावाने रडतेय, पण निम्मं रडणं माझ्यासाठी आहे.

दुपारी भिंतीपलीकडून फोनवरचं बोलणं ऐकू आलं. कान द्यायचा नव्हता, पण भिंतच तशी. "नाही गं, जेवल्या नाहीत… चुकलंच माझं, आत्ता सांगायला नको होतं… तुझ्या आईला सांग, माझ्याकडून लग्नाचं बोलायला कोणी मोठं नाही. मी एकटाच येईन… हो, माहितीये, एकटं आलेलं त्यांना आवडणार नाही. पण कुठून आणू?"

मग नाक शिंकरल्याचा आवाज.

१३ जानेवारी

सकाळी त्याच्या दारावर थाप मारली. डोळे सुजलेले. माझेही. म्हटलं, "तिच्या आईचा नंबर दे."

फोन लावला. पलीकडून आवाज आला, "कोण बोलतंय?"

म्हटलं, "मुलाची आई."