होल्मर गावची ढोरांची डॉक्टर

शुगर लँड, टेक्सास
२ फेब्रुवारी १९८६

चि. संघमित्रास,
अ. आ. व जयभीम.

फोनवर तू माझं पुरतं ऐकून न घेता विषय बदलतेस, म्हणून हे पत्र. आई बरी आहे. मी ऑफिसला आणि शैला बँकेत गेली की दिवसभर एकटी असते. टीव्ही लावून भाजी निवडते आणि त्यातल्या बायकांना नावं ठेवते.

मुद्द्याचं सांगतो. इथे एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये तुझ्यासाठी शब्द टाकलाय. स्वच्छ काम, पांढरा कोट, शनिवार-रविवार सुट्टी. होल्मरला इतकी वर्षं काढलीस, पुरे झालं. ते गाव नकाशात सापडत नाही. आता पोस्टही बंद होणार, असं तूच म्हणालीस. बुडत्या गावात एकट्या बाईने का राहायचं?

आणखी एक. आपल्या मंडळात मी तू डॉक्टर आहेस एवढंच सांगितलंय. परवा पुरुषोत्तमकाकांनी कुठलं हॉस्पिटल म्हणून विचारलं आणि माझी पंचाईत झाली. आईच्या वडिलांनी ढोरांचं काम सोडलं म्हणून आपण शिकलो. तू शिकून परत ढोरांतच गेलीस, हे मला लोकांना सांगवत नाही. एप्रिलमध्ये जयंतीला येशील ती सामान घेऊनच ये.

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
धर्मराजदादा

होल्मर, नेब्रास्का
१४ फेब्रुवारी १९८६

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

राग आलाय, आणि तो मी लपवणार नाही. वहिनीला सांग, लोणचं पोचलं. तिच्यावर राग नाही.

आधी गावाचं. नकाशावर ओमाहापासून पश्चिमेला बोट सरकवत जा. ते कंटाळून जिथे थांबेल, त्याच्या जरा पुढे आम्ही. चहूकडे गवत आणि वारा. रेल्वेने इंजिनांना पाणी पाजायला इथे विहीर खणली, विहिरीपाशी चार स्वीडिश कुटुंबं राहिली, झालं गाव. मग डिझेलची इंजिनं आली, त्यांना तहान नव्हती. गाडी थांबेनाशी झाली, पुढे रूळही उपटून नेले. बँक गेली, शाळा गेली. पाटीवर लोकसंख्या चौसष्ट लिहिलीय, ती जुनी. मला धरून आम्ही एकतीस आहोत. पोस्ट बंद करतो म्हणून साहेब आला, तेव्हा सगळं गाव जमलं आणि सर्वांत मोठ्याने मी भांडले. तो विचार करून कळवतो म्हणून गेलाय.

माझं घर चर्चच्या समोर, गावाच्या मधोमध आहे. आईचं घर कुठे होतं ते तुला मी सांगायला नको. आपल्या घरात गावाच्या आत राहणारी मी पहिली, आणि तू मला तिथून ऊठ म्हणतोस!

आता ढोरांचं. आजोबा मेलेली ढोरं ओढायचे, कारण गाव ओढायला लावायचं. बाबासाहेबांची हाक ऐकून त्यांनी ते सोडलं आणि बहिष्कार सोसला. मी ढोरं मरू देत नाही. इथे गाय अडली की शेतकरी टोपी काढून माझ्या दारात उभा राहतो, आणि मी सांगेन तसं करतो. यात परत जाणं कुठे आलं? पांढरा कोट तूच ठेव. तुझ्या तेल कंपनीत माणसं कमी करतायत म्हणे, कधी उपयोगी पडेल.

मी सामान घेऊन येणार नाही. जयंतीला येईन, पण मी ढोरांची डॉक्टर आहे हे स्टेजवरून तू स्वतः सांगणार असशील तरच.

भांडले तरी तुझीच,
संघमित्रा

शुगर लँड, टेक्सास
१ मार्च १९८६

चि. संघास,
अ. आ. व जयभीम.

तुझं पत्र शैलाने आधी वाचलं. तेव्हापासून ती मला पांढरा कोट आणू का म्हणून विचारते.

आईला पत्र वाचून दाखवताना मी आजोबांचा भाग गाळला. तिने लगेच ओळखलं. म्हणाली, एवढी चिडलेली पोरगी मध्येच गप्प बसणार नाही, राहिलेलं वाच. वाचलं. मला वाटलं रडेल, पण तिने मलाच झापलं. बहिणीचं काम सांगताना तोंड लपवतोस, असं शैलासमोर म्हणाली. जयंतीला मी स्टेजवरून सांगेन. तुझं तिथे राहणं मला अजूनही पटलेलं नाही, पण आता या घरात माझं कोण ऐकतंय?

कारण आईने बॅग काढली. पुढच्या शनिवारी ती ओमाहाला उतरतेय, घ्यायला ये. थंडीची भीती घालून पाहिली, उपयोग नाही. म्हणते, आमच्या दारात ढोर यायचं ते मेल्यावरच. एक तरी जन्माला येताना बघायचंय, आणि तेही माझ्या पोरीच्या हातून.

तिला गरम कपडे घाल, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
दादा