मिनिटाला चाळीस शब्द

८ फेब्रुवारी १९४३, सोमवार

गॅस मास्कची कवायत आज तीनदा. प्राचार्य हार्गेट घड्याळ घेऊन व्हरांड्यात उभे. ओहायोचा माणूस, तीन वर्षांपूर्वी समुद्र पहिल्यांदा पाहिला, आणि आता अख्ख्या बेटाचं रक्षण यांच्याच खांद्यावर! स्वतःचा मास्क चष्म्यावरून चढवला आणि चष्म्याची दांडी मोडून घेतली. मुलं मास्कच्या आत हसली. मीही हसले.

जपानी आईबापांची पोरं आता सैन्यात चालणार म्हणे. कालपर्यंत हीच पोरं हेरांची पिल्लं होती, हार्गेट त्यांच्याकडे पाहतही नव्हते. आज सभेत 'आपले वीर' म्हणाले. जिभेला हाड नसतं हेच खरं.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटच्या वर्गातल्या चौदा जणांनी नाव दिलं. युद्धामुळे दर शुक्रवारी शाळा बंद, मुलं उसाच्या शेतात कामाला. सैन्याचा सार्जंट तिथेच गेला आणि बांधावर सह्या घेतल्या. हातांना चिखल तसाच.

माझ्या टायपिंगच्या वर्गातले दोघे त्यात आहेत. मितसुगी अराकाकी आणि क्लॅरेन्स. क्लॅरेन्सचं खरं नाव कियोशी. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले त्याच आठवड्यात हा क्लॅरेन्स झाला.

२२ फेब्रुवारी

तोच सार्जंट शाळेत येऊन गेला. म्हणाला, "ज्याला मिनिटाला चाळीस शब्द टाइप करता येतात तो कचेरीत बसेल. बाकीच्यांच्या हातात बंदूक." लेखी लागतं. म्हणजे माझी सही असलेलं प्रमाणपत्र. एकवीस वर्षं या शाळेत आहे, माझ्या सहीला कुणी विचारत नव्हतं.

२६ फेब्रुवारी

शिक्षकांची बैठक. हार्गेट म्हणाले, "जाणाऱ्या मुलांना जे कमी पडत असेल ते देऊन टाका. युद्ध आहे." आणि काय खिरापत सुटली! इंग्रजीच्या लिंडक्विस्टबाईंनी रुमाल काढला आणि चौदाही जणांना पहिला वर्ग दिला. याच बाई जानेवारीत म्हणत होत्या, या पोरांना एक वाक्य धड लिहिता येत नाही. गणिताच्या परेरांनी कागद न तपासता बरोबरच्या खुणा केल्या. त्यांना काय, एरवीही तपासत नाहीत.

मी म्हटलं, माझ्या विषयात घड्याळ बोलतं. मी नाही.

हार्गेट म्हणाले, "मिस फ्रेटास, तुमचं मन दगडाचं आहे." असेल. पण माझा दगड विकायला नाही.

१ मार्च, सोमवार

परीक्षा घेतली. घड्याळ बाबांचं, साखरेच्या मिलमध्ये पाळ्या मोजायचं. पाच मिनिटं, चुकीला दहा शब्द वजा.

क्लॅरेन्स — एकोणीस. दोन बोटांनी कोंबडीने दाणे टिपावेत तसं टाइप करतो, तोंडात च्युइंगगम. वर म्हणतो, "बाई, एकोणीस म्हणजे जवळजवळ चाळीसच की!"

मितसुगी — एकतीस. एकतीस पाहून मला वाईट वाटलं. डिसेंबरात सदतीस होता. शेतातल्या कोयत्याने बोटं सुजलीत, किल्ली दाबताना चेहरा बदलतो. जाताना म्हणाला, "पुन्हा द्याल का, बाई?" म्हटलं, तुमची बोट निघेपर्यंत रोज दे.

९ मार्च

हार्गेटनी मला डावलून क्लॅरेन्सच्या प्रमाणपत्रावर स्वतः सही केली. चाळीस शब्द! फुटबॉलचा कप्तान ना तो. मला साधं विचारलंसुद्धा नाही. मितसुगीचंही करून टाकतो म्हणाले. मी काही बोलण्याआधी मितसुगीच म्हणाला, "नको सर. बाईंनी दिलं तर घेईन."

या शाळेत एकच माणूस निघाला, आणि तो अठरा वर्षांचा.

११ मार्च

तेहतीस.

१६ मार्च

मितसुगीची आई आली होती. छावणीतल्या सोल्जरांचे कपडे धुते, हात उकडलेल्या कोळंबीसारखे लाल. टोपलीत रताळी. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

"बाई, माझा मुलगा आळशी आहे का?"

"नाही. वर्गात त्याच्याइतका कष्टाळू कुणी नाही."

"मग द्या ना. त्या फुटबॉलवाल्याला दिलं."

म्हटलं, ते मी दिलेलं नाही. सध्या मितसुगी पस्तीसच्या आसपास आहे, पाच शब्द कमी पडतात.

"पाच शब्द कितीसे असतात, बाई? मी दिवसभरात तेवढे बोलतसुद्धा नाही."

मी सांगितलं, पाच म्हणजे पाच. कारकून चुकला तर कुणाचं नाव भलत्याच यादीत जातं. तिने मान हलवली. पटलं म्हणून की ऐकलं म्हणून, कोण जाणे. रताळी ठेवून गेली. परत पाठवावीत असं वाटलं. लाच म्हणतात याला. मग खाल्ली.

आणि खरं सांगायचं तर मला रागच आला. स्वतःहून युद्धावर जायचं, आणि वर खुर्ची मागायची! मितसुगीने नाही मागितली. आईने मागितली. आया सगळीकडच्या सारख्याच.

१९ मार्च, शुक्रवार

शेवटची परीक्षा. शेतावर न जाता शाळेत आला, त्याबद्दल मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. छत्तीस.

चार शब्द. पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. त्याच्याकडे पाहिलं तर तो खिडकीबाहेर बघत होता, मला अवघडायला नको म्हणून. मी छत्तीस लिहिलं आणि सही केली. त्याने वाकून कागद घेतला. म्हणाला, "हा खरा आहे, बाई."

रात्री जेवण गेलं नाही. उगाच.

२२ मार्च

चौदा जणांना शाळा पूर्ण केल्याच्या पदव्या, अडीच महिने आधी. हार्गेटनी फर्मान काढलं — गळ्यात हार घालायचे नाहीत, मास्क चढवताना अडकतात. या बेटांवर पदवी आणि हार नाही! शिवाय फुलं कुठून आणणार? हारवाल्या बायका सगळ्या सैन्याच्या तोफा लपवायची जाळी विणायला बसवल्यात. पण आया ऐकतात काय. कागदाचे, खाऊच्या गोळ्यांचे, सुपारीएवढ्या शिंपल्यांचे हार घेऊन आल्या आणि पोरांच्या कानापर्यंत चढवले. हार्गेट व्यासपीठावरून हातवारे करत होते. कुणी पाहिलं नाही.

मितसुगीच्या आईने टाइपरायटरच्या जुन्या फितीचा हार केला होता. काळा-लाल, विणलेला. कचऱ्यातून फिती गोळा केल्या म्हणे, रोज, माझ्याच वर्गाबाहेरच्या. मला कळलंही नव्हतं. हार घातल्यावर मितसुगीची मान काळी झाली. तो हसला.

२३ मार्च

बोट गेली. मी धक्क्यावर गेले नाही. तिथे लिंडक्विस्टबाई रडणार हे माहीत होतं.

१४ नोव्हेंबर १९४४

मितसुगीच्या घरी तार आली. फ्रान्समध्ये कुठेतरी, जंगलात.

सभेत हार्गेटनी दोन मिनिटं शांतता पाळली. घड्याळात बघून. बरोबर दोन मिनिटं.

२७ नोव्हेंबर, सोमवार

क्लॅरेन्सचं पत्र, टाइप केलेलं. इथे उतरवून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही.

'बाई, हसू नका, मी कंपनीचा कारकून आहे. वेग आता अठ्ठावीस असेल, इथे कुणी मोजत नाही. तुम्हाला एक सांगायचं होतं. मिसिसिपीत आम्ही ट्रेनिंगला होतो तेव्हा दोन कारकून हवे होते. सार्जंटने मितसुगीला विचारलं, टाइप येतं ना? तो म्हणाला, छत्तीस. सार्जंट म्हणाला, चाळीस म्हण, मी लिहून घेतो. तो म्हणाला, बाईंनी छत्तीस लिहिलंय. मी त्याला मागून लाथ मारली तरी ऐकेना. गेल्या महिन्यात मेलेल्यांची यादी मी टाइप केली. त्याचं नाव सातवं. दोन बोटांनीच केलं, पण चूक नाही केली. कागद काढायच्या आधी पुन्हा वाचला, तुम्ही शिकवलं होतं तसं.'

ज्या पोराला मी कोंबडी म्हटलं तो जिवंत आहे. ज्याला मी माणूस म्हटलं तो माझा कागद खरा मानून गेला. हार्गेट मूर्ख आहेत, अजूनही म्हणते. पण त्या मूर्खाने एक पोरगं वाचवलं. मी शहाणीने काय केलं?

३ डिसेंबर

अराकाकींच्या घरी गेले. त्याच्या आईने बसायला चटई दिली, चहा दिला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

११ डिसेंबर

नव्या वर्गाची टायपिंगची परीक्षा. सतरा मुलगे. सगळ्यांना चाळीस. घड्याळ पेटीतून काढलंच नाही.