झडपेवरचे हात

प्योसोन, जेजू
१९ ऑक्टोबर

प्रिय छांगबोमदादा,

नमस्कार. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? संत्र्यांची पेटी परवा बोटीने पाठवली. वरचा थर आधी संपवा, खालची अजून आंबट आहेत. इकडे वारा सुरू झाला. शेजारच्या यांगकाकांनी टाक्यांत माशांची नवी पिल्लं सोडली. आपल्या टाक्या कोरड्याच आहेत.

बाबांना भेटायला का जात नाहीस, असं तू फोनवर दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा मी कामाचं निमित्त सांगितलं. कोरड्या टाक्यांना कसलं आलंय काम?

जूनमध्ये आपल्या लेपा माशांना कीड लागली, ते तुला ठाऊक आहे. ती डोळ्यांना दिसत नाही. कातडी पांढरी पडते, मग मांस आतून सडतं, आणि तळाशी पडून राहणारा मासा वर येऊन गिरक्या घेतो. मी फॉर्मालिन देत होते. झडप फिरवून समुद्राचं पाणी बंद करायचं, औषध ओतायचं, तासभर हवा चालू ठेवायची, मग झडप उघडून सगळं वाहून जाऊ द्यायचं. तरी रोज सकाळी मेलेल्यांच्या पाट्या भरायच्या.

बाबा म्हणाले, "मांसात शिरलेल्या किडीला औषध पोचत नाही, मालसुन. आजारी काढ, बाकीचे विरळ कर. तेवढंच आपल्या हातात आहे."

काल काय जेवलात ते तुम्हाला आठवत नाही, मला शिकवू नका, असं मी त्यांना म्हटलं.

त्या मंगळवारी मी तिन्ही मोठ्या टाक्यांत दुप्पट औषध ओतलं आणि जेवायला घरी गेले. परत आले तेव्हा मासे पाण्यावर उलटे तरंगत होते. बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहून दोन्ही हातांनी झडप फिरवत होते. यांगकाका धावत आले, काय झालं म्हणून विचारू लागले.

मी म्हटलं, "बाबांनी झडपेला हात लावला वाटतं."

बाबा आपल्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लावला असेल मी."

दादा, ते झडप उघडत होते. मासे गुदमरताहेत हे त्यांना कळलं होतं. नंतर तू आलास, यांगकाकांशी बोललास आणि बाबांना सोग्विपोच्या वृद्धाश्रमात ठेवायचं ठरवलंस. मी बाजूला बसून त्यांच्या कपड्यांच्या घड्या करत होते. तेव्हाही बोलले नाही.

रविवारी मी गेले होते. तिथल्या बाई सांगत होत्या, आजोबा नळाला हात लावत नाहीत. "मी उघडला की सगळे मरतात," म्हणतात. त्यांचे हात दुसऱ्या कोणाला तरी धुवावे लागतात.

मी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. औषध मी ओतलं, खोटंही मीच बोलले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही. पण माझ्या मुलीच्या नावावर हे घालू नका. ती असं करणार नाही."

तुला ते अजून ओळखतात. तू ये आणि खरं काय ते त्यांना सांग. माझ्याशी नंतर बोलायचं की नाही, ते तू ठरव.

त्यांना आता सांगूनही न पटणारी,
मालसुन