जवाबाला नाव कुणाचं

१८ ऑगस्ट, कापडे

एपिसोड आज जायला हवा होता. गेला नाही. सून दारात उभी आहे, सासू वळते — पुढे काय बोलते कुणास ठाऊक! मालिकेचे संवाद लिहून पोट भरते मी, आणि गणपतीला घरी आले की एक वाक्य सुचत नाही.

सुचणार कसं? पलीकडच्या खोलीत मृदंग. बाबा शुभमला गौळण शिकवतायत. शुभम माझा धाकटा भाऊ — महाडच्या एमआयडीसीत ड्युटी करून येतो आणि पेंगत गातो. या गौरीपासून शक्ती-तुऱ्याची — दोन बाजूंच्या सवाल-जवाबांच्या गाण्याची — आमची पार्टी बाबा त्याच्या हाती देणार. बाबा म्हणजे तुरेवाले हैबती शाहीर. शंकराची बाजू घेऊन गाणारे. आजोबाही तेच.

मला हवी होती ती पार्टी. बस्, लिहून टाकलं.

२० ऑगस्ट

मागच्या वर्षी समोरच्या पार्टीच्या, देवीची बाजू गाणाऱ्या शक्तीवाल्या रावजीबुवांनी भर मांडवात सवाल टाकला होता —

भस्म फासून बसला भोळा,
चूल पेटली कुणाच्या बळा?

बाबांना जवाब सुचला नाही. वर्षभर तो काटा रुततोय. आता जवाब शुभमनं द्यायचा. आज माझ्याकडे आला. "ताई, तूच बांध ना गो. माझं डोकंच चालत नाय."

भात चढवला होता, तो शिजायच्या आत जवाब झाला!

चूल पेटली तुझ्याच बळानं, कबूल हाय गो बाई,
जगाचं इख घोटून गप बसंल असा दुसरा कोणी नाई.

सासू अजून वळतेच आहे.

२१ ऑगस्ट

मुंबईहून तीन फोन. उचलले नाहीत.

२४ ऑगस्ट

तालमीत बाबांनी जवाब ऐकला. मृदंगावर हात ठेवून थांबवलं. "ह्ये कोणी बांधलं?"

शुभम जमिनीकडे बघत बसला. मी म्हटलं, मी.

"बांधलंय बरं." एवढंच. पण मला ओळखता येतात ना ते चेहरे — बाबा खूश होते! मग म्हणाले, "शेवटच्या कडव्यात नाव शुभमचं लावायचं."

बांधणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं, हा रिवाजच आहे. मी म्हटलं, मग माझं लावा. तर म्हणे, "पोरीचं नाव आपल्या तुऱ्यात कधी लागलेलं नाय."

"मालिकेत रोज लागतं माझं नाव!"

"तितं लागतं ना? मग हितं कशाला पायजे?"

मालिकेतलं नाव किती वेगानं पळतं हे त्यांना काय माहीत. आई शेंगा सोलत होती, वर बघितलं नाही तिनं. खूप राग आला. ओढ्यापर्यंत चालत गेले, परत आले, पुन्हा गेले. कुत्रंसुद्धा कंटाळून घरी बसलं.

२९ ऑगस्ट

एपिसोड पाठवला. भंगार आहे. त्यांना आवडला.

३ सप्टेंबर

काल पोलादपूरला सामना झाला. शुभमनं माझा जवाब म्हटला आणि मांडवात शिट्ट्याच शिट्ट्या! बाबांनी डोळे पुसले. मीसुद्धा. मग शेवटचं कडवं आलं, "शुभम म्हणे…"

सामना संपल्यावर रावजीबुवा सरळ आमच्या बायकांच्या घोळक्याकडे आले. "पोरानं गायलं झकास. पण बांधलं त्यानं नाय. अर्थ जिथं तुटतो तिथं त्यो श्वास घेत नव्हता. कोणाचं हाय?"

आई म्हणाली, "हिचं."

एवढंच बोलली आई. आणि परत पदर सावरून टेम्पोत जाऊन बसली.

५ सप्टेंबर

रावजीबुवांचा फोन. "कोजागिरीला महाडला तुमच्याच पार्टीशी सामना हाय. आमच्यासाठी बांध. नाव तुझं लावीन."

वीस वर्षं बाबांनी ज्याच्याविरुद्ध कवनं बांधली, तो माणूस! जेवण गेलं नाही. बॅग भरली. मुंबईला जावं म्हटलं. बॅग रिकामी केली. शुभम म्हणतो, "ताई, तू येडी झालीस काय? गाव काय बोलंल?" गावाला बोलायला काहीतरी लागतंच. मला भीती गावाची नाहीच. बाबा आयुष्यभर माझ्याशी बोलले नाहीत तर?

६ सप्टेंबर

होय म्हटलं.

जेवताना बाबांना सांगितलं. त्यांनी ताटातला भात संपवला, हात धुतला, पडवीत जाऊन बसले. आई म्हणाली, "आता त्यांना कायपण विचारू नको." विचारलं नाही. बोललेच नाहीत ते दिवसभर.

७ सप्टेंबर

आजही नाही. गुरांशी बोलतात.

८ सप्टेंबर

सकाळी पलीकडच्या खोलीत बाबा एकटेच गुणगुणत होते. नवीन काहीतरी. चहा घेऊन गेले. मला बघताच गाणं गिळलं. कप घेतला आणि म्हणाले, "समोरच्या पार्टीच्या शाहिरानं आमची तालीम ऐकायची नसती. भायेर व्हा."

व्हा! मला! आणि दाराला आतून कडी घातली.