पहिला चहा

मामा,

आज सरावात माझी चिलखती गाडी सगळ्यांच्या पुढे होती. टेकडीपलीकडे शत्रुपक्षाचे रणगाडे झाडांखाली उभे दिसले. तोफेवरचा म्हणाला, "मॅडम, आयते सापडलेत. उडवू एखादा?"

"गप बस. गाडी मागे घे."

परतल्यावर आमचे रणगाडेवाले हसले. "आलात शेपूट घालून?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, स्वतः चहा ओतून दिला आणि माझा पिऊन होईपर्यंत उभे राहिले. बातमी घेऊन परतलेल्याला पहिला चहा साहेबांनी द्यायचा, ही आपली रेजिमेंट घोड्यांवर होती तेव्हापासूनची रीत आहे. पुढे जाऊन पाहायचं आणि बातमी घेऊन जिवंत परतायचं, हे आपलं काम. घोडे गेले, काम तेच राहिलं.

युद्धात तुलाही हा चहा मिळाला होता, असं साहेब म्हणाले. तुझ्या बातमीमुळे मागची अख्खी तुकडी वाचली. तुझा जोडीदार परतला नाही, म्हणून तू कधी बोलला नसशील. पण घरी मोठा मामा अजून म्हणतो, "पळपुट्या, मीठ दे इकडे," आणि तू देतोस.

हे पत्र मी टाकणार नाही. रेजिमेंटचा शिक्का दिसला की तू न वाचताच फाडतोस. त्यापेक्षा रविवारी मीच येते. सगळ्यांसमोर तुला बसवीन, चहा ओतीन आणि तुझा कप रिकामा होईपर्यंत उभी राहीन. का, ते मोठा मामा विचारेलच. मग सांगेन.

त्यानंतर मीठ तो उठून घेईल.

तुझ्याच रेजिमेंटमधली,
तुझी भाची